बंडोपंतांची खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी शाल्मलीच्या टॅबवर जतच्या शेडचं चित्र अचानक केशरी झालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं केशरी. ‘आग’ हा शब्द ओठांवर येणार, तोच शेजारचा तापमानाचा आकडा दिसला. चोवीस अंश, तेही शांत हिरव्या रंगात. इतक्या गार आगीबद्दल सातवीच्या पुस्तकात एक ओळही नव्हती.

जतच्या माळावर, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी, तिच्या आईची खाण होती. कोळशाची नव्हे, आभासी नाण्यांची (हातात न येणारी, फक्त संगणकांच्या हिशेबात असणारी नाणी). हे हिशेब पक्के करण्यासाठी जगभरची यंत्रं एक अवघड आकडा शोधत असतात. आकड्यांच्या कुलपाचा नंबर विसरला की आपण एकेक आकडा फिरवून बघतो ना, तसंच. फक्त ही यंत्रं सेकंदाला अब्जावधी आकडे फिरवतात. ज्याला आधी सापडेल त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी. एवढी डोकेफोड केली की यंत्रं भयंकर तापतात. म्हणून पंखे, म्हणून राखण आणि म्हणून आई घरी कमी, शेडमध्ये जास्त. मागच्या दिवाळीचा फराळही तिने पंख्यांच्या घरघरीत उभ्याउभ्या खाल्ला होता.

यंदा शाल्मलीने हट्टच धरला. हवामान खात्यातून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ, म्हणजे तिचे आजोबा आप्पा, यांना हाताशी धरून तिने दूरदेखरेख (लांबून लक्ष ठेवण्याची सोय) उभी केली. शेडच्या भिंतीवर एक संवेदक (तापमान मोजून कळवणारा छोटासा तुकडा), एक कॅमेरा आणि यंत्रांच्या कामाचा वेग सांगणारी एक तार. तिघांच्या बातम्या इंटरनेटवरून थेट सांगलीच्या घरात. शेडमधली झाडलोट आणि उचलठेव बंडोपंत नावाच्या यंत्रमानवाकडे. बंडोपंत भलताच आज्ञाधारक होता, त्यामुळे त्याला काही सांगताना जरा जपूनच सांगावं लागे. आईने अट घातली होती. दसऱ्यापर्यंत हे सगळं सुरळीत चाललं, तर ती घरूनच काम करेल. नाहीतर पुन्हा जत.

आणि आता आई गाडीची किल्ली घेऊन दारात चपला शोधत होती.

“थांब ना,” शाल्मली म्हणाली, “आग असती तर आकडा वर गेला नसता का?”

“मग यंत्रांचा वेग का पडतोय? निम्म्यावर आलाय. विचार त्या बंडोपंताला.”

बंडोपंताला विचारून झालं होतं. संपर्क चालू, बॅटरी भरलेली, पण स्वारी गप्प.

आप्पा सोफ्यावर बसून उद्याचं तोरण ओवत होते. आधी यंत्रं वाचव, कोडं मग सोडव, असं त्यांनी बजावलं. शाल्मलीने टॅबवरूनच सगळ्या यंत्रांचं काम कमी केलं. मग आप्पांनी विचारलं की जतला बाहेर तापमान किती आहे. एकतीस, ती म्हणाली. शेडमध्ये एसी आहे का? नाही, नुसते पंखे.

“म्हणजे एकतीसची हवा आत येते, तापलेल्या यंत्रांमधून फिरते आणि चोवीसची होते? असा पंखा मलाही हवाय.”

शाल्मली गोंधळली. आप्पांनी आपला जुना तापमापक काढला, त्याच्या टोकाला ओला रुमाल गुंडाळला आणि तो पंख्याखाली धरला. पारा हळूहळू उतरू लागला. खोली होती तेवढीच गरम होती. पाण्याची वाफ होते तेव्हा ती उष्णता घेऊन जाते, माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच, असं त्यांनी सांगितलं.

“संवेदक खोटं बोलत नाहीये,” शाल्मली सावकाश म्हणाली. “तो स्वतःपुरतं खरं सांगतोय. तो ओला झालाय.”

तेवढ्यात आप्पांनी तोरणातला झेंडू ताजा राहावा म्हणून त्यावर पाणी शिंपडलं. शाल्मली त्या फुलांकडे बघतच राहिली. ओली. केशरी.

“आई, खंडेनवमीचं बंडोपंताला काय सांगितलं होतंस?”

आई एका पायात चप्पल घालून थबकली. शेडशेजारीच झेंडूचा मळा होता. ‘पूजा मनापासून कर, एकही यंत्र सुटायला नको,’ हे तिचेच शब्द होते. बंडोपंताने एकही सोडलं नव्हतं. संवेदकाला हार, कॅमेऱ्याला हार, खाणीच्या प्रत्येक यंत्राला पाणी शिंपडलेला हार, तोही नेमका पंख्याच्या तोंडावर. हवा अडली, यंत्रं तापली आणि जळू नयेत म्हणून आपणच हळू झाली. शेवटी, आपणही यंत्रच म्हणून, बंडोपंताने स्वतःलाही हार घातला होता. पूजेला बसवलेलं हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हेही आईनेच त्याला शिकवलं होतं, म्हणून स्वारी गप्प.

“मग उत्तरपूजा करून टाकू,” शाल्मली म्हणाली.

आप्पांनी टॅबवर अक्षता टाकल्या आणि गंभीरपणे “पुनरागमनाय च” म्हटलं. लगेच आवाज आला, “उत्तरपूजा पोहोचली. हार कुठे ठेवू?”

“कुठेही ठेव,” आई ओरडली, “आधी पंख्यांवरचे काढ.”

चित्र उघडलं. समोर कपाळभर कुंकू लावलेला बंडोपंत. संवेदक कोरडा झाला तसा आकडा चढत चढत लालभडक झाला आणि घरात तिघांनाही आनंद झाला, कारण आता तो शेडचं खरं सांगत होता. मग हवा खेळू लागली आणि तो सावकाश खाली आला.

शाल्मलीचे डोळे मात्र भरून आले होते. देखरेख पहिल्याच सणाला फसली होती.

आई तिच्याजवळ येऊन बसली. “मी शेडच्या ऑफिसात असते तर तो हिरवा आकडा बघून निवांत चहा पीत बसले असते. तुझ्या तारेने वेगही दाखवला आणि तू दोन्ही ताडून बघितलंस.” तिने किल्ली खुंटीला अडकवली.

दुपारी शाल्मलीने प्रत्येक यंत्राच्या पोटातलं तापमानही पडद्यावर जोडून घेतलं. दोन साक्षीदारांचं पटलं नाही, तर तीच धोक्याची घंटा. उद्या चंद्रावरची यंत्रंही माणसं अशीच घरबसल्या सांभाळतील, आप्पा म्हणाले. तिथे झेंडू नसेल, हे त्यातल्या त्यात बरं.

दसऱ्याला आईने श्रीखंडपुरी घरच्या ताटात, मांडी घालून खाल्ली. शेजारी टॅबवर बंडोपंत शेड झाडत होता. कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं. ते पुसायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.