तीन ठोके

जहाजाच्या दोन नंबरच्या मालकोठीचं लोखंडी दार उघडलं आणि आतून स्टोअरकीपर बाहेर कोसळला. आदल्या दिवसापासून तो तोफगोळ्यांच्या पेट्यांमध्ये कोंडलेला होता.

कप्तानाने लगेच उपकप्तानाच्या धाकट्या भावाला बेड्या ठोकल्या. तो बॉयलरवर कोळसा ओढायचा, आणि स्टोअरकीपरशी त्याची नुकतीच हातघाई झाली होती.

"बंदर आलं की लष्करी कोर्ट," कप्तान म्हणाला. युद्धात असल्या गुन्ह्याला एकच शिक्षा होती. उपकप्तानाच्या पायाखाली जमीन नव्हतीच, नाहीतर तीही सरकली असती.

चहूकडे पाणी, खिडक्यांना काळा रंग. गुन्हेगार पळू शकत नव्हता, तसा भाऊही.

"दार लागताना काय ऐकलंस?" उपकप्तानाने स्टोअरकीपरला विचारलं.

"तीन ठोके. मी जीव तोडून ओरडलो. तरी खिट्ट्या फिरल्या!"

मग उपकप्तान भावाकडे गेला. "कोठी लावण्याआधी काय करतात?"

"खिट्ट्या फिरवतात. दादा, मला कोळशापलीकडे काय कळतंय?"

हे जहाज लढाईआधी धान्य वाहायचं. नौदलाने ते करडं रंगवलं, दारूगोळा भरला. तीन फेऱ्या सुखरूप झाल्या. चौथीत तोफेशेजारी बॉम्ब फुटला आणि खलाशांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, बरेच दिवस खाटेला खिळला. तेव्हापासून तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. खलाशी त्या नजरेला वचकून असत.

"तांडेलमामा, दार कुणी लावलं?"

"मी नाही. पोरांना विचार."

तेवढ्यात धोक्याचा भोंगा झाला. सगळे धावले. तांडेल मात्र त्यांना धावताना पाहून मग उठला.

धोका टळल्यावर उपकप्तानाने सगळ्यांना कप्तानाच्या केबिनमध्ये बोलावलं. तो तांडेलच्या पाठीमागे उभा राहिला.

"मामा, तुमचा सदरा पेटलाय!"

स्टोअरकीपर ताडकन उठला. तांडेल शांतपणे कप्तानाकडे बघत बसला.

"ज्याला जीव घ्यायचाय तो आधी दार वाजवत नाही," उपकप्तान म्हणाला. "आत कुणी राहिलं का, हे बघायला डेकवरचे खलाशी तीन ठोके देतात. बॉयलरवाल्यांना हे ठाऊकच नाही. म्हणजे दार लावणाऱ्याने नियम पाळला, पण उत्तर त्याला ऐकूच आलं नाही. त्या बॉम्बने मामांचे कान नेले."

तो समोर येऊन तेच सावकाश बोलला. तांडेलने त्याचे ओठ वाचले आणि त्याचा चेहरा उतरला.

"कळलं असतं तर मला किनाऱ्यावर उतरवलं असतंत," तो म्हणाला. "म्हणून खोटं बोललो. पोराला फासावर जाऊ दिलं नसतं रे... निदान तसं वाटतं."

कप्तानाने बेड्यांची किल्ली पुढे केली. उपकप्तानाला हायसं वाटलं, आणि म्हाताऱ्याकडे पाहून त्या सुटकेची लाजही वाटली.

तांडेल स्टोअरकीपरकडे वळला.

"ठोके देऊन मी थांबलो होतो, बाबा. बराच वेळ थांबलो होतो."