म्हातारबा रोज पहिल्यापासून!

"दाबू?"

"दाब!"

धाकट्या शेपटाने जीभ बाहेर काढली, अंगठ्यावर अंगठा ठेवला आणि सगळा जोर लावून एफ-वनची कळ दाबली. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं पळाली आणि वाचनालयाचा जुना संगणक कुरकुरत जागा झाला. ही कळ दाबायचा मान रोज सकाळी शेपटाचाच असे. वाचनालयाच्या चिटणीसकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सकाळी सकाळी हा काहीतरी बडबडतो. लक्ष द्यायचं नाही. एफ-वन दाबायचं आणि पुढे जायचं!"

"चल रे म्हातारबा!" ठिणगी खुर्ची ओढत म्हणाली. "काल संध्याकाळी बरंच उरकलं होतंस. आज फक्त उरलंसुरलं कर. प्लीज!"

तिने आज्ञा टाइप केली आणि श्वास रोखून पाहू लागली. पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. ठिणगीला त्या पाढ्यांसारख्या पाठ झाल्या होत्या.

"परत पहिल्यापासून!" तिने टेबलावर अशी मूठ आपटली की पेनांचा डबा उडाला. "परत! परत पहिल्यापासून! काल दिवसभर केलेलं गेलं कुठे?"

"हळू गं!" पंडित म्हणाला. "हे वाचनालय आहे."

"मग वाच तू! मी ओरडते!"

ठिणगी म्हणजे नावाप्रमाणेच. तेरा वर्षांची, हुशार, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पंडित तिचा चुलतभाऊ. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा. शेपूट पंडितचा धाकटा भाऊ. हे दोघे जातील तिथे तो मागे, म्हणून शेपूट. सुट्टी लागली तेव्हा तिघांनी काय काय बेत आखले होते! पोहायचं, सायकली हाणायच्या, टेकडीवर चढायचं. आणि आता रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका खटाऱ्यापुढे बसून ओळी मोजणं चाललं होतं.

पण खटाऱ्याशिवाय आत्याचं चालणार नव्हतं.

आत्याने जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधता शोधता तिचे डोळे मंदावले, आणि दोन वर्षांपूर्वी पार गेले. तेव्हापासून म्हातारबा तिला पुस्तकं वाचून दाखवायचा. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची, कानांना हेडफोन लावायची, आणि मध्येच "चूक! इथे स्वल्पविराम हवा!" असं ओरडून सगळ्यांना दचकवायची. मग म्हातारबाची डिस्क बिघडली. दुरुस्तीवाल्याने नवी बसवली, लिनक्स ही नवी संगणकप्रणाली घातली, आणि पडदा, कळफलक, सगळं चालू झालं. फक्त आवाज गेला. आत्याची कादंबरी ऐन रंगात आलेल्या प्रकरणातच अडकली.

तेव्हापासून आत्या खुर्चीत नुसती बसून राही. कुणाशी फारसं बोलत नसे. ठिणगीला तिचं ते न बोलणं मुळीच सहन होत नव्हतं.

ठिणगीचा दादा दूर हॉस्टेलवर. त्याने फोनवर उपाय सांगितला होता. "कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. आवाज, पडदा, कळफलक, सगळं त्याच्या हुकमाने चालतं. तुमचं आवाजाचं कार्ड इतकं जुनं आहे की नवा कारभारी त्याला ओळखतच नाही. मी सांगतो ती एक ओळ बदल आणि कर्नल पुन्हा बांध."

एक ओळ! बदलायला मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. पण बांधायचं म्हणजे हजारो फायलींचे हजारो तुकडे बनवायचे, आणि म्हातारबाची चाल ही अशी! एका दिवसात काम काही मावत नव्हतं. संध्याकाळी ग्रंथपाल बाई नियमाप्रमाणे मेन स्विच बंद करून कुलूप लावायच्या, आणि सकाळी हा शहाणा पुन्हा श्रीगणेशा करायचा.

त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? मागच्या जाळीतून फुंकून पंख्यावरची धूळ काढली, तेव्हा वाचनालयभर शिंका झाल्या. "इथे नसलेल्या कॅमेऱ्यांची आणि प्रिंटरांची ओळख कर्नलला कशाला हवी?" म्हणत पंडितने यादी छाटून अर्ध्याहून कमी केली. म्हातारबाचं ओझं हलकं व्हावं म्हणून डेस्कटॉपवरचं चित्र काढलं, खालची पट्टी काढली, पट्टीतलं घड्याळ काढलं. रात्री येऊन कुणी काम पुसतंय का, ते पाहायला शेपटाने कळफलकावर खडूची पूडसुद्धा भुरभुरवली होती. सकाळी पूड जशीच्या तशी. एकही बोट उमटलेलं नाही!

आणि आता वेळही उरला नव्हता. चिटणीसकाकांनी फलकावर सूचना लावली होती. उद्या संध्याकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन येणार, आणि म्हातारबा त्यात जाणार.

बाहेर फाटक सर्रकन सरकलं.

"चिटणीस आले," कोपऱ्यातून आत्या म्हणाली. "हल्ली बरं उघडतं फाटक! आधी रिमोट दाबून दाबून थकायचे आणि मग आपल्याला बोल लावायचे. आता एका दाबात."

ठिणगीचं तिकडे लक्षच नव्हतं. रडू येऊ नये म्हणून ती पडद्याकडे डोळे वटारून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या शेवटच्या दिवशी, शेपूट आलाच नाही. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो मोच्याकडे बसला होता. ठिणगीने संगणक चालू केला आणि सवयीने म्हणाली, "दाब!"

कुणी दाबलं नाही. पांढरी अक्षरं पडद्यावर तशीच राहिली, आणि पुढ्यात अक्षरं असताना पंडित ती न वाचता राहील कसा?

"ठिणगे," तो सावकाश म्हणाला, "हा म्हणतोय, घड्याळ लावलेलं नाही. तारीख आणि वेळ लावा. ते नको असेल तर एफ-वन."

"काय?"

"रोज हेच म्हणत असणार! आणि आपण रोज त्याच्या तोंडावर एफ-वन मारतोय!"

ठिणगीने एफ-वन दाबलं, आणि लगेच तारीख विचारली. म्हातारबाने उत्तर दिलं. ते वर्ष पाहून ती खुर्चीतून उठलीच.

"अरे, या वर्षी शेपूट जन्मलासुद्धा नव्हता!"

"जन्मलो होतो!" दारातून धापा टाकत शेपूट ओरडला. मग पडद्याकडे पाहून म्हणाला, "नव्हतो."

ठिणगी खोलीभर येरझारा घालायला लागली. डोक्यात काहीतरी जुळत होतं. "थांबा, बोलू नका! बांधणारा काय करतो? फाइल बघतो, आणि तिच्यापासून बनवलेला तुकडा बघतो. तुकडा फाइलनंतरचा असेल तर म्हणतो, झालंय, पुढे चला. फाइल तुकड्यानंतरची असेल तर म्हणतो, कुणीतरी फाइल बदलली, तुकडा पुन्हा बनवा. बरोबर?"

"बरोबर."

"आपल्या फायली गेल्या वर्षीच्या. आणि हा बाबा समजतो, आज किती वर्षांपूर्वीची तारीख आहे! म्हणजे त्याने बनवलेला प्रत्येक तुकडा त्याला फाइलच्या आधीचा दिसतो. म्हणून रोज सगळं शिळं! रोज सगळं पुन्हा!"

"तरीच ओळींमध्ये अधूनमधून 'घड्याळात गडबड' असं काहीतरी येत होतं," पंडित कपाळावर हात मारत म्हणाला. "हजारो ओळी पळत होत्या, मी म्हटलं, असेल काहीतरी."

"तू? तू म्हटलंस, असेल काहीतरी? चमच्यावरचा शिक्का वाचणारा तू?"

पण भांडायला वेळ नव्हता. वीज गेल्यावर घड्याळ चालू राहावं म्हणून संगणकाच्या आत नाण्याएवढा सेल असतो, एवढं दादाने एकदा सांगितलेलं तिला आठवलं. ग्रंथपाल बाईंकडून स्क्रू-ड्रायव्हर मिळाला. त्याच्या मुठीवर हिरवा ठिपका होता. बाईंचं हे वेडच होतं. एकदा वाचनालयातला माउस चोरीला गेला, तेव्हापासून त्या हिरव्या रंगाची बाटली आणि काडी घेऊनच फिरत. खुर्च्या, कात्री, पंचिंग मशीन, सगळ्यांना ठिपका. शेपूट एकदा बाकावर झोपला तर त्याच्या कोपराला ठिपका!

झाकण निघालं. आत पंख्यावर हिरवा ठिपका, मेमरीच्या पट्टीवर हिरवा ठिपका, तारांच्या जुडग्यावरही हिरवा ठिपका.

आणि सेलची खोबण रिकामी!

"सेल संपलेला नाही," ठिणगी पुटपुटली. "सेल कुणीतरी काढलाय!"

"अरे देवा! उघडलंत?" मागून गर्जना झाली. चिटणीसकाका दारात उभे होते. "यंत्र उघडून बसलीत? आतलं काय काढलंत? काय मोडलंत? बघा बाई, म्हणून मी म्हणत होतो, पोरांच्या हातात द्यायचं नाही! संध्याकाळची वाटच कशाला बघायची? टेम्पो आत्ताच बोलावतो!"

ठिणगीच्या कानशिलांत रक्त उसळलं. इतके दिवस उन्हातान्हात यायचं, मान मोडेपर्यंत बसायचं, आणि चोर कोण? तर आम्ही! ती तोंड उघडणार, इतक्यात कोपऱ्यातून चाचपडत आलेल्या आत्याने तिचा हात घट्ट धरला.

"चिटणीस," आत्या गोड आवाजात म्हणाली, "ते राहू दे. तुमचं फाटक एवढं सुधारलं कसं हो? दुरुस्तीवाला डिस्क बसवायला आला होता ना, त्याच दिवसापासून बघतेय मी. एका दाबात उघडतं."

ठिणगीने आत्याकडे पाहिलं. मग काकांच्या मुठीतल्या रिमोटकडे. आणि तिचा राग एकदम शहाणा झाला.

"हो ना काका!" ती म्हणाली. "तुमच्या रिमोटला सेल कुठून आणलात? आम्हालाही तसलाच हवाय."

"सेल? दुकानातून. आणखी कुठून?"

"कुठल्या दुकानातून?"

"हे काय, कोपऱ्यावरच्या."

"कोपऱ्यावर शिंपी आहे," पंडित म्हणाला.

"त्याच्या पलीकडच्या!"

"पलीकडे दवाखाना आहे. गुरांचा."

शेपूट फिस्सकन हसला. ग्रंथपाल बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा सावरला आणि हात पुढे केला. "बघू रिमोट."

"अहो बाई, रिमोटचा आणि याचा काय संबंध..."

"बघू म्हटलं ना."

रिमोटचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं. बाईंनी रबरबँड काढला. नाण्याएवढा चकचकीत सेल टेबलावर पडला, गरगर फिरला आणि आडवा झाला. त्याच्या मधोमध होता हिरवा ठिपका!

चिटणीसकाकांचा चेहरा पडला.

"अहो, तो माणूस झाकण उघडून चहाला गेला होता," ते अखेर म्हणाले. "आत सेल दिसला. मला वाटलं, हे यंत्र तर विजेवर चालतं! भिंतीत एवढी जाड वायर! याला सेल कशाला लागतोय? उगाच पडून राहिलाय!"

"आणि सकाळी ते तक्रार करायला लागलं," ठिणगी एकेक शब्द चावत म्हणाली, "तर तुम्ही आम्हाला सांगितलंत, लक्ष द्यायचं नाही, एफ-वन दाबायचं!"

ठिणगीने सेल खोबणीत बसवला. टक्! घड्याळ लावलं, झाकण लावलं, आज्ञा दिली. ओळी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, पण या वेळी तिला राग नाही आला, भीती वाटली. एका दिवसात काम मावत नाही आणि टेम्पो संध्याकाळी येणार.

"काका," ती म्हणाली, "टेम्पो एक दिवस पुढे ढकला. एकच."

"ढकलतील," बाईच म्हणाल्या. "ढकलायची सवय त्यांना आता होणारच आहे. फाटकसुद्धा हातानेच ढकलायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर पांढरी अक्षरं आलीच नाहीत. शेपूट बिचारा अंगठे जुळवून बसला होता, त्याचं तोंड एवढंसं झालं. ठिणगीने आज्ञा टाइप केली. पडदा गप्प. एक क्षण, दोन क्षण, बराच वेळ गप्प! मग एक ओळ आली. ती पहिली नव्हती. दुसरीही नव्हती. काल संध्याकाळी जिथे काम थांबलं होतं, तिथली होती!

"पुढे! पुढे चाललाय!" तिघांनी असा ओरडा केला की वर्तमानपत्र वाचणारे आजोबा पान उलटायचे विसरले.

दुपार कशी गेली ते कुणाला कळलं नाही. डबे उघडले आणि तसेच राहिले. फाटकाबाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा ओळी संपल्या होत्या आणि म्हातारबा नव्या कारभाऱ्यासह पुन्हा चालू होत होता. चिटणीसकाका बाहेर फाटक ढकलत होते. फाटक अर्ध्यावर अडकलं होतं आणि त्यांचं "हुप्प, हुप्प" आत ऐकू येत होतं.

ठिणगीने आत्याच्या कानांना हेडफोन लावले. कादंबरी उघडायला ती घाईत दोनदा चुकली. मग खूण केलेल्या जागेवर कळ दाबली.

आत्याचा चेहरा हलला नाही. काहीच नाही. गेलं! सगळं वाया गेलं!

"आत्या? ऐकू येतंय का?"

आत्याने एक बोट वर केलं. गप्प बसा, अशी खूण. ओठ हलकेच हलत होते, शब्दांमागून शब्द. बंद डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते तिने पुसलंही नाही. आणि मग सगळं वाचनालय दचकलं.

"चूक! इथे स्वल्पविराम हवा!"

शेपटाने उडी मारली. पंडितने चष्मा काढून पुसला, उगाचच. आणि ठिणगी, जी इतक्या दिवसांत एकदाही रडली नव्हती, ती खुर्चीच्या पाठीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

टेम्पो रिकामाच परत गेला. चिटणीसकाका घाम पुसत आत आले आणि ठिणगीसमोर उभे राहिले. "मी चुकलो," ते म्हणाले. "पोरांनो, तुमची कमाल आहे!" ग्रंथपाल बाई बाटली आणि काडी घेऊन आल्या. त्यांनी तिघांच्या मनगटांवर एकेक हिरवा ठिपका लावला.

"आता तुम्ही वाचनालयाचे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी भंगारात काढू शकत नाही."

"शू!" आत्या ओरडली. "ऐकू द्या! इतके दिवस थांबलेय मी या प्रकरणासाठी!"