सम्यकभोवतीची शांतता

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला, मग अवजारांची बॅग, आणि मग तो.

"तिसरा मजला ना? मॉनिटर बिघडलाय म्हणे." त्याची नजर माझ्या बिल्ल्यावर गेली. "डॉ. इरावती परब… नर्स? हे काय नवीन?"

"पीएच.डी. केलीये नर्सिंगमध्ये. पण सुई मीच टोचते."

तो हसला – आणि लिफ्टची घरघर थांबली. म्हणजे लिफ्ट वर जात होती, पंखाही फिरत होता… मला मात्र काही ऐकू येईना. मान गार पडली.

ही शांतता माझ्या ओळखीची आहे. आमच्या मरोळच्या हॉस्पिटलात एखाद्या पेशंटचं बीपी, नाडी, सगळं व्यवस्थित असतं, आणि तरी त्याच्या खाटेजवळ गेलं की भोवतालचे आवाज विझतात. काही वेळाने तो पेशंट खरंच बिघडतो. जुन्याजाणत्या नर्सना असं काहीतरी होतंच. कुणाच्या पोटात खड्डा पडतो, कुणाचा पाय उगाच त्या खाटेपाशी वळतो. त्यावरच मी पीएच.डी. केली. आता कॉलेजात शिकवायला जा, असं सगळे म्हणाले. मी वॉर्ड सोडला नाही. उलट भांडून एक नियम करून घेतला – आकडे चांगले असले तरी नर्सला काळजी वाटली, की डॉक्टरांनी येऊन तपासायचंच.

पण हा पेशंट नव्हता. मॉनिटर दुरुस्त करायला आलेला सम्यक होता, अंगाने भक्कम आणि तोंडाने वात्रट.

"अशा काय बघताय?"

"चक्कर वगैरे येते का तुम्हाला?"

"आत्ताच यायला लागलीये."

वाट लागली! मी काय विचारतेय आणि हा काय समजतोय…

मॉनिटर सुधारला, पण सम्यकच्या फेऱ्या सुरूच. कधी वायर बघायला, कधी बघितलेली वायर परत बघायला. मग कॅन्टीनचा चहा सुरू झाला आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. मशीन तपासायच्या निमित्ताने मी त्याचा ईसीजी काढला. अगदी नॉर्मल! तरी तो समोर बसला की कपबशा वाजायच्या थांबत, माणसांची नुसती तोंडं हलत. फक्त त्याचा आवाज यायचा, रिकाम्या घरातून यावा तसा.

"आई विचारत होती, ती डॉक्टर की नर्स? म्हटलं, ओरडते दोघींसारखी."

मी हसायचे, आणि टेबलाखाली माझे हात थंडगार पडलेले असायचे.

एका दुपारी त्याने न विचारता माझ्या चहावरची साय चमच्याने काढून आपल्या कपात टाकली. मला साय आवडत नाही, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मी त्याच्याकडे पाहत राहिले… आणि एकदम सगळे आवाज परत आले. कपबशा, बाहेरच्या रिक्षा, डोक्यावरून गेलेलं विमान.

मला आनंद व्हायला हवा होता. दरदरून घाम फुटला.

माझे बाबा गेले त्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसून पोहे खाल्ले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, असं आई नंतर म्हणाली. मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. आपल्या माणसाभोवती ही शांतता पडतच नाही. म्हणजे एक तर सम्यक बरा झाला होता, नाहीतर तो माझा झाला होता. आणि चहा पिऊन कुणाचं हृदय बरं होत नाही.

"उद्या दिवस-रात्र छातीला होल्टर लावायचं, प्रत्येक ठोका नोंदवला गेला पाहिजे," मी म्हटलं.

"अगं, मी रोज तीच यंत्रं दुरुस्त करतो!"

"मग एक दिवस घाल."

"तुझ्यासाठी?"

"हो रे… माझ्यासाठी."

त्याचं हृदय झोपेत मध्येच थांबत होतं. रिपोर्ट बघून आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लगेच तारीख दिली, आणि त्याच आठवड्यात सम्यकला पेसमेकर बसला.

मी भेटायला गेले तर स्वारी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"पहिल्या दिवसापासून तू मला नाही, माझ्या आजाराला बघत होतीस ना?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "हो," मी म्हटलं, आणि मग सगळंच सांगितलं. लिफ्ट, ती शांतता, बाबांची ती सकाळ.

तो हळूच वळला. "आणि आता माझ्याकडे बघून काय वाटतं?"

"काहीच नाही. होल्टर लावायच्या आधीपासूनच काही नाही."

"तेव्हा तर मी आजारी होतो."

"होतास."

त्याला कळायला क्षणभर लागला. कळलं तसा तो उठून बसायला गेला आणि कळवळला.

"म्हणजे यापुढे मला काही झालं… तर तुला कळणार नाही?"

"नाही कळणार." मी खाटेच्या कडेला बसले. "प्रेम आहे माझं तुझ्यावर, आणि मला भयंकर भीती वाटतेय रे."

काहीतरी वात्रट बोलेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने मनगट माझ्या हातात दिलं.

"मग मोज," म्हणाला.

मी बोटं ठेवली आणि पहिल्यापासून मोजायला लागले.