दर दहा मिनिटांनी

तुम्ही म्हणाल, फ्लॉपीत कसलं आलंय भूत! दुरुस्तीवाली ताईही तेच म्हणाली असती. जुन्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी वाचायची, तिची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे इमेज, केबलनं नव्या कॉम्प्युटरवर उतरवायची, हाच तिचा धंदा. त्या दुपारची फ्लॉपी मात्र तिच्या दादाच्या कारखान्यातली होती.

तीस वर्षांपूर्वी दुपारी तीन वाजता तिथली वाफेची टाकी फुटली. दाबाचे आकडे दर दहा मिनिटांनी टिपणारा दादा जागीच गेला, आणि मोठ्या साहेबांनी सगळं खापर त्याच्या माथी फोडलं. म्हणे, झोपला होता! त्या एका शब्दानं आईनं अंथरूण धरलं, ते आजतागायत. परवा कारखाना मोडीत निघाला, तेव्हा भंगारवाल्याकडे ताईला ही फ्लॉपी मिळाली. वर दादाचं अक्षर, खाली तीच तारीख.

तिनं फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. ती असली की यंत्राला नुसतं वाचता येतं, फ्लॉपीवर लिहिता येत नाही. जुनी ड्राइव्ह कुरकुरली, इमेज उतरली.

"२:४०. दाब वाढतोय. साहेबांना फोन केला. म्हणाले, चालू ठेव."

"२:५०. पुन्हा फोन. म्हणाले, चालू ठेव."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "झोपला होता काय? मेल्यांनो, झोपला होता?"

त्याखाली होतं, "३:१०. फोन केला. उचलत नाहीत."

पण तीनलाच तर दादा... तिनं खाली सरकायची कळ दाबून धरली. ३:२०. ३:३०. दुसरा दिवस, दुसरं वर्ष. उचलत नाहीत. उचलत नाहीत. शेवटच्या ओळीवर आजची तारीख होती आणि वेळ चारची.

पट्टी निघाली की काय? तिनं फ्लॉपी काढून पाहिली. पट्टी घट्ट होती. पुन्हा इमेज घेतली, तर एक ओळ वाढलेली. ४:१०.

 भीतीहून संताप मोठा होता. मेल्यावरही माझ्या भावाला ड्यूटी, आणि हा माणूस खुशाल पेन्शन खात बसलाय? साहेबांचा नंबर तिला पाठ होता, लावायची हिंमत आजवर झाली नव्हती. आज लावला.

बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. ती बोलायच्या आतच थकलेला आवाज आला, "पुरे कर रे बाबा, तीस वर्षं दर दहा मिनिटांनी फोन... तू झोपला नव्हतास. मीच म्हणालो, चालू ठेव..."

"मी त्याची बहीण बोलतेय!" ताई कडाडली. "हेच आईसमोर येऊन सांगायचं. उद्याच्या उद्या!"



"बाई... तुम्ही बोलताय, मग तुमच्या मागे आकडे कोण वाचतंय?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिनं स्पीकर सुरू करून फोन जुन्या यंत्रापुढे ठेवला. "ऐका आता. शेवटपर्यंत ऐका."

यंत्रातून तिला काहीच ऐकू येईना. साहेब मात्र कुणाला तरी उत्तरं देत होते. "हो... ऐकतोय... बंद कर... अरे, बंद कर रे..." आणि त्यांच्या घरात कुठेतरी वाफ सुटल्यासारखी फुसफुस सुरू झाली.

"दादा, थांब!" ताई ओरडली. "आधी आईसमोर सांगू दे त्यांना!"

फुसफुस वाढतच गेली.