शेलखारची भिंत

शेलखारला जायचं ठरलं ते एका भिंतीसाठी. आठवड्याभरात तिथे भरावाचे डंपर लागणार होते, आणि त्या भिंतीचा फोटो आमच्या घरात कुणाकडेच नव्हता.

मी रोशनी. राहते खांदा कॉलनीत आणि ओस पडलेल्या जागांचे फोटो काढत फिरते. बंद कारखाने, उजाड बंगले, द्रोणागिरीकडची गंजकी गोदामं. आई म्हणते, लोकांच्या पोरी देवळात जातात, आमची उकिरड्यावर जाते. पण शेलखारला मात्र तिने नाव ठेवलं नाही. ते तिचं माहेर. खाडीच्या दोन फाट्यांमधलं मिठागरांचं गाव. पलीकडचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, आणि लोक घरांची दारं, कौलं, वासे काढून घेऊन पनवेलला आले. मागे नुसत्या भिंती राहिल्या.

माझे बाबा, दिनानाथ, पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, टेम्पोंवरची नावं, लग्नघरांच्या भिंती. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. मग बाबाही गेले. त्यांच्या हातचं जगात काही शिल्लक असेल तर ती शेलखारची भिंत. स्वतःच्या लग्नाला त्यांनी सासुरवाडीची भिंत स्वतःच रंगवली होती. नवरदेव शिडीवर चढून स्वतःचंच नाव लिहितोय म्हणून अख्खं गाव हसलं होतं म्हणे. ती भिंत डंपरखाली जायच्या आत मला हवी होती.

निघताना आई एवढंच म्हणाली, "भिंत हाय का बघून ये. आनि आनंदाचा ऐक."

आनंदा म्हणजे आईचा भाऊ, माझा मामा. त्याचा जन्म शेलखारचा, त्यामुळे वाट दाखवायला तोच. तिसरा शैलेश, खारघरच्या बाराव्या मजल्यावर राहणारा माझा मित्र. ट्रायपॉड उचलायला येतो आणि रस्ताभर कुरकुरतो.

दिवस पौर्णिमेच्या आसपासचे, म्हणजे उधाणाचे. दुपारी भरती जोरात येणार, म्हणून आम्ही सकाळच्या ओहोटीला बांधावर चढलो. बांध म्हणजे खाडी आणि शेत यांच्यामधली मातीची लांबलचक भिंत. एका हाताला तिवरांची झाडी आणि चिखल, दुसऱ्या हाताला खोलगट, पांढरी पडलेली शेतं. त्या शेतांपलीकडे उंचवट्यावर गाव दिसत होतं. बिनछपराची घरं, आणि त्यांच्यावर एकही कावळा नाही.

"हितनं मधल्या बांधानं सरळ जा," मामा म्हणाला. "मी हितंच बसतो. खाडीवर नजर ठेवतो. पानी तिवरांच्या बुडाला लागला का हाक मारीन."

"तू पण चल ना, मामा."

"खाडीकडं पाठ करून कोन गेला नाय आमच्यात," असं म्हणून तो शेताकडे पाठ करून बसला. लहानपणापासून त्याला हेच शिकवलं होतं. पाणी खाडीतून येतं, बांधावर बस, खाडी बघ. मलाही ते शंभर टक्के पटलं.

मधला बांध जेमतेम पाऊलभर रुंद होता. दोन्हीकडे वरून सुकलेला, आतून लोण्यासारखा चिखल. शैलेशचा एक पाय घसरला आणि बूट तिथेच राहिला. हसलो आम्ही. नंतर ते हसणं आठवून मला घाम फुटला.

गावात शिरल्यावर मात्र हसू आपोआप थांबलं. मी कितीतरी ओसाड जागा पाहिल्यात, पण तिथे निदान उंदीर असतात, कुत्री असतात. इथे चुलीत खेकडे राहत होते. माजघरात तिवराची रोपं उगवली होती. देवळीत देव नव्हता, त्याचा तेलकट काळा डाग तेवढा होता. मला उगाचच कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत राहिलं.

आजोळचं घर अगदी टोकाला होतं. वळसा घालून ओटीवर चढले, आणि पाय थांबले.

भिंत होती! मिठाने तिचे पोपडे काढले होते, कलश अर्धा गेला होता, पण 'चि. दिनानाथ' आणि 'चि. सौ. कां. शकुंतला' ही अक्षरं ठसठशीत उभी होती. बाबांचा तो शेपटीवाला 'श' मी कुठेही ओळखला असता. वर दोन मोर. डावीकडचा छान टुकुटुकु बघत होता. उजवीकडच्याला डोळाच नव्हता. डोळ्याच्या जागी नुसता पांढरा गोल. तेवढाच मिठाने खाल्ला, असं मला वाटलं. मी बराच वेळ त्या मोराकडे बघत राहिले. मग कॅमेरा काढला.

"फोनवर पण घेऊन ठेवतो एक," शैलेश म्हणाला.

"फोनवर काढायला एवढा चिखल तुडवला का? ट्रायपॉड धर गप."

बिचाऱ्याने फोन खिशात ठेवला.

मी कोन बदलून बदलून फोटो काढत होते, तेव्हा तो आवाज आला. जमिनीखालून. कुणीतरी चूळ भरावी तसा, गुळगुळ. थांबला. मग आतल्या खोलीतून आला.

"रोशनी, आत कोणी आहे का?"

"नाही रे." पण माझा आवाज मलाच बारीक वाटला.

मग खेकडे निघाले. चुलीतून, भेगांतून, जमिनीतल्या भोकांतून. एक नाही, दोन नाही, शेकड्याने! सगळे भिंतीवर चढायला लागले. शैलेश चार पावलं मागे सरला. मी एका भोकाकडे बघत राहिले. त्यातून पाणी वर येत होतं.

आम्ही बाहेर धावलो. शेतं नव्हती. जिथून चालत आलो तिथे चकचकीत पाणी पसरलं होतं आणि मधला बांध त्याखाली गेला होता. समोर मुख्य बांधावर मामा बसला होता, शांतपणे, आमच्याकडे पाठ करून, कोरड्या खाडीवर नजर ठेवून. त्याच्या बाजूचा चिखल गाळ साचून उंच झाला होता, पाणी अजून तिथवर चढलं नव्हतं. शेतं मात्र खोलच राहिलेली. पलीकडच्या फाट्यावर बांधाला पडलेल्या खिंडारातून भरती सरळ आत आली होती, मामाच्या पाठीमागून.

"मामा!"

तो वळला. त्याचा चेहरा एवढ्या लांबूनही पांढरा पडलेला दिसला. "थांबू नको! जवर गुडघ्याला हाय तवर ये!"

मी ट्रायपॉड मिटवला आणि काठीसारखा पुढे टेकवत निघाले. कठीण लागलं तर पाऊल. मऊ लागलं तर थांब. पाणी गुडघ्यावर. मग मांडीवर. ओढ डावीकडे होती. मागे शैलेशचे दात वाजत होते.

"माझ्याच पावलावर पाऊल टाक."

"टाकतोय गं."

आणि धप्पकन आवाज झाला. तो बांधावरून घसरला होता. मांड्यांपर्यंत चिखलात रुतला, आणि पाणी छातीला लागलं. तो पाय उपसायला गेला तसा आणखी खाली गेला.

"हलू नको!" मी बांधावर गुडघे टेकले, ट्रायपॉड पुढे केला. त्याने धरला. ओढलं. काहीच नाही. त्याला टेकायला काहीच नव्हतं, हाताखाली नुसता चिखल.

"आडवा पाड तेला!" मामा पाण्यातून येत ओरडला. "छातीखाली कायतरी दे!"

कायतरी! माझ्याकडे एकच गोष्ट होती. पाठीवरची जाड, चौकोनी बॅग. आत कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात भिंत. मी विचार केला असं सांगितलं तर खोटं ठरेल. हात आधीच पट्ट्यांवर गेले होते. बॅग त्याच्या छातीखाली सारली. तो तिच्यावर पालथा पडला, सगळं वजन टाकलं, एक पाय सुटला. मग दुसरा. तेवढ्यात मामा पोचला. दोघांनी त्याला काखेत धरून वर घेतलं.

बॅग खाली गेली. एक मोठा बुडबुडा आला, बस. मी पाण्यात हात घातला, पण मामाने माझं मनगट धरलं. "चल, पोरी."

मोठ्या बांधावर आम्ही तिघं पसरलो तेव्हा पाणी तिवरांच्या मुळांशी नुकतं पोचत होतं. शैलेशच्या खिशातल्या फोनमधून खारं पाणी निघालं. मामा कितीतरी वेळ शेताकडेच बघत बसला होता. "पाठीकडनं आला," तो सारखा म्हणत होता. "माजे पाठीकडनं."

संध्याकाळी आई दारातच उभी होती. आमचे चिखलाचे अवतार बघून तिने गरम पाणी काढलं. मला रडू फुटलं. फोटो गेला, सगळं गेलं, मी सांगून टाकलं. त्यानंतर चार दिवसांत डंपर लागले आणि शेलखार मुरुमाखाली गेलं. पण त्या संध्याकाळी आईला भलतंच काही हवं होतं.

"उजवेकडचा मोर बघितलास?"

"बघितला."

"तेला डोला हाय?"

"नाय. मिठानं खाल्लाय."

आई एकदम हसली. बाबा गेल्यापासून मी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. "मिठानं नाय गं. मीच सांगितलेला, येवढा डोला राहू दे. लगीन झाल्यावं पयल्या सनाला येशील तवा काढ. म्हंजे तुला परत यावाच लागंल."

"मग? आले नाहीत बाबा?"

"दर सनाला आला. जेवला, झोपला, मोराकडं बघून हसला. डोला काय काढला नाय." तिने माझ्या केसांतला वाळलेला चिखल बोटांनी काढला. "म्हनायचा, काढला तर तू मला माहेराला न्यायची बंद होशील."

मग ती आत गेली आणि शैलेशसाठी बाबांचा सदरा घेऊन आली.