लडकूचा गडगा

कर्जतच्या पलीकडे डोंगराची एक सोंड धरणाच्या पाण्यात शिरली आहे. तीन बाजूंनी पाणी, टोकावर गावदेव. देवाभोवतीचा दगडी गडगा दरसाल मिरगाआधी नीट करायचा. दोन गावं आणि ठाकरवाडी मिळून, घरटी एक माणूस. प्रत्येक घराचा तुकडा ठरलेला. ज्या घरचं माणूस आलं नाही, त्या घरचा नारळ देवापुढे फुटत नाही, मग ते घर सरपंचाचं का असेना.

रोहिदासच्या घरचा नारळ कधी चुकला नव्हता. त्याचा बाप लडकू म्हणजे गडग्याचा बादशहा. सिमेंट नाही, चुना नाही, नुसत्या दगडी चिपा ठोकून असा गच्च रचायचा की रेडा धडकला तरी हलू नये. गेल्या पावसात होडी उलटून तो धरणात गेला, सापडलाच नाही. यंदा पहिल्यांदा रोहिदासने यायचं होतं. नेमकी त्याच दिवशी रसायनीच्या कारखान्यात त्याची शिफ्ट लांबली. धापा टाकत तो सोंडेवर पोचला तेव्हा दिवस कलला होता, माणसं घरी गेली होती. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देवापाशी ठाकरवाडीची म्हातारी ठकी तेवढी बसली होती.

"ठकीआजी, माझा तुकडा राहिला गं..."

"राहील कसा? रचलाय की."

टोकाचा, पाण्याकडचा त्याचा तुकडा खरंच रचलेला होता. सांध्यासांध्यात चिपा. दगड अजून ओले, आणि गाळाचा वास.

"कोणी रचला?"

ठकीने आवाज खाली आणला. "सगळ्यांनी बगितला रं... सकाळीच आला. मान खाली घालून रचत व्हता. आमी कोनी टोकला नाय. कामाला आलेल्या मानसाला टोकायचा नसतो."

रोहिदासच्या अंगावर काटा आला, आणि ऊरही भरून आला. मेल्यावरसुद्धा घराची पाळी न चुकवणारा बाप पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचा आहे? त्याने ताठ मानेने नारळ फोडला.

"काय बोलला का गं?"

"येवढाच... येकट्याचा हात पुरत नाय. पुढल्या साली पोराला संगती आनतो."

"आण म्हणावं. मी तयार हाय."

बोलता बोलता त्याची नजर तुकड्याखालच्या गाळावर गेली. पाण्यातून गडग्यापर्यंत अनवाणी पावलं आली होती. परत गेलेलं एकही नव्हतं.