दक्षिणेकडच्या दाराचा डबा

निवेसचं ओलीशी हाडवैर होतं. कोमाक्कियोच्या खाऱ्या सरोवरांवर बावीस वर्षं वायरमनचं काम केलेल्या बाईचं दुसऱ्या कोणाशी असणार? इथल्या पाण्याच्या दारांच्या सगळ्या मोटारी उघड्यावर. सकाळी धुकं, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा धुकं. पाऊस परवडला, तो येताना दिसतो तरी. मोटारीच्या स्विचच्या डब्यात गुपचूप साचणारं दव कोणाला दिसत नाही, आणि एक दिवस मोटार जळते.

दक्षिणेकडच्या दाराचा डबा तिने ऑक्टोबरअखेरीस हातात घेतला. हे लोखंडी दार सरोवर आणि समुद्राकडून येणारा कालवा यांच्यामध्ये उभं होतं. नोव्हेंबरात सिरोक्को वाऱ्याबरोबर मोठी भरती आली की ते वर घ्यायचं. समुद्राचं पाणी आत शिरलं की पोसलेले वाम मासे त्याच्या ओढीने निघतात आणि दारातल्या सापळ्यात येतात. वर्षाची मासळी त्या दोन-तीन दिवसांत मिळते. सहकारी संस्थेतली चौदा घरं त्यावर जगत होती. हाताने दार उचलायचं चाक गंजून मोडलेलं, आणि नवं अजून आलेलं नव्हतं. सगळी भिस्त मोटारीवर.

निवेसने डब्याला नवी रबरी पट्टी लावली. आत बोटाएवढा हीटर बसवला, ओल शोषणाऱ्या नारिंगी दाण्यांच्या पुड्या ठेवल्या. केबलला झोल दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी आत न जाता खाली गळेल. डब्याच्या तळाला पेन्सिल जाईल एवढं भोक होतं. ते तिने सिलिकॉन भरून बुजवलं.

दाराची राखण करणारा म्हातारा ओरेस्ते मागे उभा राहून बघत होता.

"भोक का गं बुजवलंस? आधीच्या वायरमनने मुद्दाम ठेवलं होतं."

"साचलेलं पाणी गळायला ठेवतात, काका. मी साचूच देणार नाही, मग गळणार काय?"

"तो म्हणायचा, हा डबा श्वास घेतो."

"सगळेच डबे घेतात. उन्हात तापला की हवा बाहेर, गार पडला की आत. दिवसाकाठी एक श्वास. तुमच्यासारखे घोरत नाहीत एवढंच."

ओरेस्ते हसला नाही. त्याने सिगारेट वळली आणि तो जाळ्यांकडे निघून गेला.

मंगळवारी निवेस सहज बघायला आली. डब्याच्या झाकणाला आतले दिवे दिसावेत म्हणून तळहाताएवढी काच होती. त्या काचेवर आतल्या बाजूने धुक्याचा गोल ठिपका होता. तिने शिवी हासडली आणि किल्ली काढली. तेवढ्यात ठिपका विरला. मग पुन्हा उमटला, पुन्हा विरला.

तिने डबा उघडला. पुड्या नारिंगीच होत्या. ओल लागली असती तर हिरव्या पडल्या असत्या. हीटर ऊबदार, तारा खडखडीत कोरड्या. डबा लावला आणि काचेवर ठिपका हजर.

खरं सांगायचं तर निवेसला आनंद झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एका डब्याने तिला कोड्यात पाडलं होतं. ती उपड्या बादलीवर बसली आणि घड्याळ लावून ठिपके मोजू लागली. मिनिटाला चौदा. हीटर बंद केला, तरी चौदा. काचेवर ताडपत्री टाकून सावली केली, तरी चौदा.

शुक्रवारी नऊ भरले.

"काय बघत बसतेस रोज? सिनेमा लागलाय का?" ओरेस्तेने विचारलं.

"कमी होतंय, काका. पट्टी नीट बसतेय हळूहळू."

रविवारी ते चारवर आलं, आणि सोमवारी काच स्वच्छ होती. निवेस अर्धा तास बसली, पण काही उमटलं नाही. आपण जिंकलो, असं तिने स्वतःला सांगितलं. तरी घरी जाताना तिला वाईट वाटत होतं, आणि कशाचं ते कळत नव्हतं.

गुरुवारी भरती आली. दुपारी तीनलाच कालव्याचं पाणी दाराला भिडलं. सापळ्यांपाशी माणसं जाळी घेऊन उभी होती. निवेसने बटण दाबलं.

मोटार हूं की चूं करेना.

तिने मीटर लावला. वीज येत होती. फ्यूज शाबूत, मोटारीतली तारेची वेटोळी शाबूत. इतका कोरडा डबा तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने सगळं दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. तासाभरात ओहोटी लागणार होती, आणि असा वारा पुन्हा येईल याचा काय भरवसा?

"भोक उघड," ओरेस्ते म्हणाला.

तिने वाद घातला नाही. स्क्रूड्रायव्हरने सिलिकॉन खरवडून काढलं. ओरेस्तेने सिगारेटचा पातळ कागद पुढे केला. तिने तो भोकाखाली धरला.

कागद हलला नाही.

निवेस चिखलात गुडघ्यांवर बसली. जन्मभर ज्या ओलीला डब्याबाहेर ठेवलं, ती तिच्या स्वतःच्या छातीत होती. तिने भोकाला ओठ लावले आणि फुंकलं.

"काच धुरकटली," ओरेस्ते हळूच म्हणाला. "परत."

तिने परत फुंकलं.

मोटार गुरगुरली.

ती थांबली की मोटार थांबे. ती फुंकू लागली की दार बोटभर वर जाई. तिचं डोकं गरगरू लागलं, ओठ बधिर झाले. वीस मिनिटांनी खालून पाणी घुसल्याचा आवाज आला आणि सापळ्यांकडून माणसांची ओरड ऐकू आली. वाम येत होते, काळ्या दोरखंडांसारखे, एकमेकांवर चढत.

निवेस मागे सरकून बसली, धापा टाकत.

काचेवर ठिपके चालूच होते. मोटार शांत घुमत राहिली आणि दार वरच्या टोकाला जाऊन थांबलं. ओरेस्तेने टोपी काढून हातात धरली.

डिसेंबरात निवेस छाती भरून अंथरुणाला खिळली. बारा किलोमीटरवर, आपल्या घरात. सकाळी अकराला ओरेस्तेचा फोन आला.

"दार खाली घेतोय गं, पण ते आचके देतंय. जरा चालतं, अडतं, पुन्हा चालतं. आधी कधी असं नव्हतं केलं."

तिला खोकल्याची उबळ आली.

"हां," ओरेस्ते म्हणाला. "आत्ता अडलं."

निवेस उठून बसली.

"काका, फोन डब्यापाशी धरा. काचेकडे बघा."

तिने श्वास रोखून धरला. फोनमध्ये वारा होता, आणि लांबवर एक पाणकोंबडी ओरडत होती.

"काच साफ झाली," ओरेस्ते म्हणाला. "निवेस? दार अर्ध्यात थांबलंय."

तिचे कान भणभणू लागले तरी ती तशीच बसून राहिली. शेवटी छाती फुटायला आली तेव्हा तिने श्वास सोडला, आणि फोनमध्ये मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.